ढोरफोडीवरचं गवत

रुपा,

पत्र बघून घाबरू नकोस, इकडं कोणी मेलेलं नाही. तुझा फोन तीन महिने बंद लागतोय म्हणून लिहिते आहे. पत्ता नागेशकडून काढला. तोही त्यानं चारदा विचारल्यावर दिला. मेडचलच्या पलीकडं कोंबड्यांच्या शेडवर काम करतेस म्हणे. हजारो कोंबड्या, आणि त्यातली एकही तुझी नाही. जेवतेस तरी वेळेवर?

मुद्द्याचं बोलते. काल गिरणीवर दळण घेऊन गेले, तर तिथं पुन्हा तेच चऱ्हाट. रुपानं चार बकऱ्या हायवेच्या ढाब्यावर विकल्या आणि पुरल्या म्हणून सांगितलं. वर्ष उलटून गेलं, तरी लोकांचं पीठ पडतंय आणि तोंडं चालूच आहेत. मी दळण तिथंच टाकून घरी आले. गिरणीवर उभं राहून भांडायचं माझं वय नाही, आणि पट्ट्याच्या आवाजात ऐकू कोणाला जातंय! म्हणून पहिल्यापासून लिहून काढलंय. तुझीच गोष्ट तुला सांगायची गरज नाही, तेव्हा पुढचं सगळं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आहे. तू वाच आणि कुठं चुकलं असेल तर खूण कर. यात ‘बाई’ म्हणून जी म्हातारी येते ती मीच. दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

*

रुपा सून होऊन या गावात आली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माहेर मुधोळकडचं, शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत. गाव नेरडीगोंड्याला हायवे सोडून आत सात किलोमीटर. गावाच्या पश्चिमेला बौद्धांची वस्ती, बारा घरं. त्या बारांत दोन मास्तर, एक पोस्टातला, एक बँकेतला शिपाई, आणि कॉलेज शिकून पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या एक बाई, आता पेन्शनीत. रुपाचा नवरा नागेश उटनूरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. नोकरी ठेकेदाराची, पण खुर्ची सरकारी. त्या खुर्चीचा त्याला फार अभिमान. शनिवारी यायचं, सोमवारी पहाटे जायचं. मुलगी दीक्षा गुरुकुलाच्या हॉस्टेलात. घरी राहिल्या दोघी, रुपा आणि तिची सासू सखूबाई.

या वस्तीत एकाही दारात जनावर नव्हतं. गाय नाही, बकरी नाही, कोंबडीसुद्धा नाही. शिकून वर आलेल्या लोकांना जनावर म्हणजे मागं जाणं वाटायचं. रुपाला मात्र लग्नाच्या आधीपासून एकच हौस होती. पंधरा वर्षं तिनं लोकांचा कापूस वेचला, लोकांचं सोयाबीन कापलं. घरचं एक एकर आहे, पण ते मुरमाड उतारावरचं. त्यात पेरलेलं निम्मं पाऊसच घेऊन जातो. तिला श्वास घेणारं, वाढणारं असं काहीतरी स्वतःचं हवं होतं.

नागेशला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. हात थांबवून म्हणाला, “बकऱ्या? माह्या बापानं जनम घातला त्या घाणीतून बाहेर निघाले, अन् तू काठी घेऊन बकऱ्यामागं फिरशील?”

“बकऱ्यात काय घाण हाय?”

“लोक काय म्हनतीन?”

“लोक दसऱ्याले मटन खातेत तवा काय म्हनतेत?”

बाजेवरून सखूबाई हसली. तिचे गुडघे गेलेले; दिवसभर अंगणातल्या बाजेवर बसून ती जगावर देखरेख करायची. म्हणाली, “अरे, मी आठ वर्साची असताना पाटलाच्या साठ बकऱ्या राखत होती. मले नाई लाज वाटली. पोटाले भाकर भेटे.”

“तुले लाज वाटाची मुभा नव्हती, माय,” नागेश म्हणाला आणि उठून गेला. खरं म्हणजे बरोबर बोलला. पण बरोबर बोलून उठून जायची त्याची सवय वाईट.

बकऱ्या आल्या बटईनं. गावात उत्तमरावांचं किराणा दुकान आहे, मागं भाजीचा मळा. त्यांच्या चाळीसेक बकऱ्या आसपासच्या गावांत घरोघर वाटून दिलेल्या. रीत जुनी आहे: बकरी मालकाची, राखण तुमची, पिलं निम्मी निम्मी. तीन वर्षांनी बकरी परत, तुमची पिलं तुमची. कागद नाही, सही नाही. आणि बकरी मेली तर तिचं कातडं नाहीतर निदान दोन्ही कान मालकाला नेऊन दाखवायचे. उत्तमरावांच्या प्रत्येक बकरीच्या डाव्या कानाला दोन खाचा असतात. कान दाखवले की विषय संपला, मालक एक शब्द बोलत नाही. नाही दाखवले, तर तुम्ही विकली. आजवर या रीतीवरून कोणाचं भांडण झालेलं नव्हतं, कारण बकरी मेली की लोक सोलून खातात आणि कान आपोआप हातात राहतात.

जानेवारीत उत्तमरावांनी चार गाभण बकऱ्या दिल्या. “रुपा, तुमच्या वस्तीत पयल्यांदा देऊन राह्यलो,” ते म्हणाले. “तुले जमलं तर आनखी चार घरी देतो. नाव राखजो.”

“राखतो, भाऊ.”

पहिले चार महिने म्हणजे तमाशा होता. रुपानं पहिल्याच आठवड्यात बकऱ्यांना साबण लावून आंघोळ घातली. सखूबाईनं बाजेवरून ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. “अवं, थंडीचे दिस! नवरी हाय काय ते? पुस तिले, पोत्यानं पुस!” मग रुपानं एक दावं इतकं लांब बांधलं, की बकरीनं शेजारच्या मास्तरांच्या घरात जाऊन उत्तरपत्रिका खाल्ल्या. मास्तर तणतणत आले, तर सखूबाई म्हणाली, “गुरुजी, तुमच्या पोरायपेक्षा तिलेच जास्त मार्क द्या. तिनं सारा पेपर घोटला.” कोणता पाला पोट फुगवतो, कोणता दूध वाढवतो, ताज्या व्यालेल्या बकरीला किती वेळ एकटं सोडायचं, सगळं सखूबाईच्या डोक्यात होतं, आणि साठ वर्षांत ते तिला कोणी विचारलं नव्हतं. आता म्हातारी दिवसभर बोलायची. सून शिकत होती, आणि सासूच्या आवाजात जोर आला होता. बाई संध्याकाळी त्यांच्या अंगणात जाऊन बसत, त्यांनी हे स्वतः ऐकलंय.

एप्रिलात चारही बकऱ्या व्याल्या. दोघींना जुळी, दोघींना एकेक, सहा पिलं. उत्तमराव येऊन बघून गेले. तीन त्यांची, तीन रुपाची. रुपाच्या वाट्याच्या तिन्ही माद्या निघाल्या. दीक्षा सुट्टीत आली होती. तिनं त्यातल्या एका तांबड्या पिलाचं नाव ‘मॅडम’ ठेवलं, कारण ते मान वर करून चालायचं आणि कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही. रुपा मॅडमला उचलून घेऊन दारात उभी राहायची. चेहऱ्यावर काय असायचं त्याचं मी वर्णन करत नाही. ज्यानं आयुष्यात एकदाही ‘हे माझं’ म्हटलं नाही, त्याला पहिल्यांदा म्हणताना बघा म्हणजे कळेल.

जुलैत गावाचा रस्ता हायवेला जोडायचं काम निघालं. जेसीबी आला आणि नाल्यापलीकडचा पडीक माळ उकरून मुरूम काढून नेला. पाऊस झाला. उकरलेल्या त्या जमिनीवर दोन आठवड्यांत असं गवत उठलं, की बघतच राहावं. कोवळं, हिरवंगार, घोट्याच्या वर. आणि तिथं कोणाचंच जनावर नाही. मेंढ्यांचे कळप नाल्यापर्यंत येत आणि वळून जात. रुपाला वाटलं, बाभळीच्या काट्यामुळं येत नसतील. तिला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

ती चारही बकऱ्या रोज तिथं नेऊ लागली. पिलं लहान म्हणून घरीच. त्यांना सुबाभळीचा पाला. संध्याकाळी सखूबाई विचारायची, “कुटं चारल्या वं?”

“नाल्यापलीकडं.”

नाला चार किलोमीटर लांब पसरलेला, पलीकडं म्हणजे कुठंही. सखूबाईला गुडघ्यांमुळं तीन वर्षं अंगणाबाहेर जाता आलं नव्हतं. तिनं मान हलवली.

ऑगस्टातल्या एका सकाळी रुपा दावणीपाशी गेली, तर मोठी काळी बकरी मरून पडलेली. पोट फुगून ढोल झालेलं, पाय ताठ, नाकातून काळं पातळ रक्त. रात्री तिनं नीट रवंथ केला होता. दुपारपर्यंत आणखी दोन पडल्या. उभ्या असताना थरथरल्या आणि कोसळल्या, बस. रुपानं नेरडीगोंड्याच्या जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर तरुण, तेलुगू माणूस, एकट्याकडं तीन मंडलांतली गावं. तरी मोटारसायकलवर तासाभरात आला. यात त्याचा काही दोष नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्यानं दुरूनच बघितलं आणि हातमोजे घातले. कानाच्या शिरेला सुई टोचून काचेवर रक्ताचा थेंब घेतला. मग रुपाला हिंदीत म्हणाला, “अम्मा, हाथ नक्को लगाओ. काटना नै, चमड़ा निकालना नै, किसी को खाने को देना नै. दोम्मा है ये.”

तेलुगूत दोम्मा, इंग्रजीत अँथ्रॅक्स, आपल्यात फाशी. हा रोग माणसालाही होतो. सोलणाऱ्याच्या हाताला काळा फोड येतो, खाणारा मरूही शकतो. डॉक्टरनं तिथंच उभं राहून खड्डा खणायला लावला. रस्त्याच्या कामावरचा जेसीबीवाला, बिहारचा, दहा मिनिटांत रुपाच्या त्या एक एकराच्या कोपऱ्यात पुरुषभर खोल खड्डा काढून गेला. चुन्याची दोन पोती आली. चौथी बकरी तेव्हा अजून उभी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तीही गेली, आणि त्याच खड्ड्यात, त्याच चुन्यात गेली.

पहिल्या तीन बकऱ्या खड्ड्यापाशी आणल्या तेव्हा सखूबाईनं घरून निरोप पाठवला होता: “कान तेवढे काप. मालकाले दाखवा लागते.”

रुपानं डॉक्टरला विचारलं. डॉक्टर ओरडला, “कान बी नक्को!”

तिनं उत्तमरावांना सात वेळा फोन लावला. ते लग्नाला मुधोळला गेले होते आणि फोन उचलत नव्हते. तिनं फोटो काढले. डॉक्टर जवळ जाऊ देईना म्हणून लांबून काढले. त्या फोटोत काळे फुगलेले ढीग दिसतात. त्यांच्या कानाला खाचा आहेत की नाहीत, ते देवालाही कळणार नाही.

आणि आता एक गोष्ट सांगायला हवी. डॉक्टरनं परवानगी दिली असती तरी रुपाच्या हातून सुरी चालली नसती. तिच्या सासऱ्यानं धम्म घेतला त्या दिवशी वस्तीतल्या सगळ्या सोलायच्या सुऱ्या विहिरीत टाकल्या होत्या. तेव्हापासून या बारा घरांत मेलेल्या जनावराला सुरी लागलेली नाही. रुपाला सून म्हणून आल्या दिवशी हे सांगण्यात आलं होतं. जे सांगायचं होतं, ते मात्र सांगितलं गेलं नाही.

डॉक्टरनं जाताना विचारलं होतं, बकऱ्या कुठं चारत होता? रुपानं हात करून दाखवलं. त्यानं जाऊन बघितलं, उकरलेली माती बुटानं परतवली आणि म्हणाला, इकडं कोणालाही येऊ देऊ नका, काटे टाका. इथं पूर्वी मेलेली जनावरं टाकत होते काय?

रुपाला ठाऊक नव्हतं. घरी येऊन तिनं सासूला सांगितलं. सखूबाई बाजेवर होती. ती बाजेच्या काठावर सरकली. मग म्हणाली, “जेसीबीनं उकरला तो माळ? बाभळीजवळचा?”

“हो.”

“ते ढोरफोडी होय, माय.”

गावातलं मेलेलं ढोर ओढून न्यायचं आणि जिथं फाडायचं, ती जागा. शंभर वर्षं तिथं वस्तीतल्या माणसांनी तेच केलं होतं. फाशीनं मेलेलं ढोरही तिथंच, आणि त्या फाशीनं मेलेली माणसंही याच वस्तीतली. या रोगाचं बी मातीत कित्येक वर्षं टिकतं, आणि जेसीबीनं तेच वर काढलं होतं. म्हाताऱ्यांना माहीत होतं की तिथलं गवत जनावराला घालू नये. का, ते त्यांना सांगता आलं नसतं; पण घालू नये, एवढं पक्कं. सुऱ्या विहिरीत टाकल्या त्याच दिवशी वस्तीनं ठरवलं की पोरांना त्या जागेचं नावसुद्धा सांगायचं नाही. नाव गेलं की शरम जाईल. शरम गेली का ते ठाऊक नाही. नाव मात्र गेलं, आणि त्याबरोबर गवताची गोष्टही गेली.

“मले काऊन नाई सांगतलं?” रुपा म्हणाली.

“आण घेतली होती तुह्या सासऱ्यानं.”

“ते मरून बारा वर्सं झाले.”

“आण मरते काय?” सखूबाई म्हणाली, आणि तिनं पदर तोंडावर घेतला. त्या दिवसानंतर ती बकऱ्यांबद्दल बोलायची बंद झाली. मुळात बोलायचीच बंद झाली. हूं म्हणायची, पाणी मागायची.

उत्तमराव तिसऱ्या दिवशी परतले. रुपा स्वतः दुकानात गेली आणि सगळं सांगितलं. बाई त्याच वेळी डोळे तपासून आदिलाबादहून परत आल्या होत्या आणि दुकानात तूरडाळ घेत होत्या, म्हणून पुढचं बोलणं त्यांनी कानानं ऐकलेलं आहे.

उत्तमरावांनी शांतपणे विचारलं, “कान?”

“डॉक्टर नाई म्हनला, भाऊ.”

“कातडं?”

“फाशी होती. सोलू दिलं नाई.”

“फाशी!” ते म्हणाले. “चार बकऱ्या फाशीनं मेल्या, अन् गावातली एक चिमणी आजारी नाई?”

“मी कोनाले हात लावू देला नाई म्हून नाई.”

“जेसीबीवाल्याले विचारतो.”

“तो गेला ना, भाऊ. काम संपलं.”

“मंग कोन पायलं?”

रुपानं वस्तीतल्या दोघांची नावं सांगितली. उत्तमरावांनी डाळीचा काटा पाहिला. “वस्तीतले वस्तीचंच सांगतीन.” तिनं फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून, मोबाईल लांब धरून, जवळ धरून पाहिले. “पोरी, मेलेली बकरी फोटोत साऱ्यायची सारखी. खूण कुटं हाय?”

“खड्डा उकरून दाखवू काय?”

“अन् मले फाशी लावशील?” दुकानातले दोघंतिघं हसले. मग उत्तमराव म्हणाले, आणि रागानं नव्हे, खरोखर नवल वाटून म्हणाले, “सोलू देलं नाई म्हनतेस. तुमच्या घराले सोलता येत नाई, हे मी पयल्यांदा ऐकून राह्यलो.”

बाईंच्या हातातली पिशवी तशीच राहिली. बाई तेव्हा बोलल्या, “उत्तमराव, तोंड सांभाळा.” ते लगेच म्हणाले, “बाई, तुमाले नाई म्हनलं.” म्हणजे बाईंना वगळून ते कोणाला म्हणाले, ते सगळ्यांना कळलं, आणि बाई वगळल्या गेल्या, हेही.

उत्तमराव दुष्ट माणूस नाहीत. सहा गावांत कागदाशिवाय बकऱ्या वाटणारा माणूस एकाचं ऐकलं तर उरलेल्यांसमोर उभा राहू शकत नाही. त्यांनी रीतीप्रमाणं सहाही पिलं नेली, चार बकऱ्यांच्या बदली. मॅडम दोरीनं ओढत जायला तयार नव्हती. रुपानंच तिला उचललं आणि दुकानापर्यंत नेऊन दिलं. नाहीतर तिच्या पायांना लागलं असतं.

जाताना रुपानं विचारलं, “भाऊ, सरकारी कागद आनला तर? डॉक्टरनं रक्त तपासाले नेलं हाय.”

उत्तमराव विचार करून म्हणाले, “कागद आनला तर तुह्यी तीन परत देतो. बकऱ्यायचं नुसकान माहं मी पाहतो. अन् पुन्हा बकऱ्या बी देतो. पन दसऱ्यापावतर. दसऱ्याले माल निघते.”

दसऱ्याला या भागात घरोघरी मटण शिजतं. वर्षाच्या निम्म्या बकऱ्या त्या दोन दिवसांत संपतात. म्हणजे रुपाकडं सहा आठवडे होते.

मधल्या काळात दवाखान्याची माणसं येऊन गावातल्या सगळ्या जनावरांना टोचून गेली. रुपाला वाटलं, आता तरी लोकांना पटेल. लोक म्हणाले, दर पावसाळ्यात टोचतात, त्यात काय. मग ढाब्याची गोष्ट सुरू झाली. कोणी सुरू केली, शोधायला गेलं तर सापडत नाही. हायवेवर रोज दहा बकऱ्या लागतात, गाव सात किलोमीटरवर, रुपाला पैशांची गरज; लोकांनी बेरीज करून टाकली. नळावर बायका तिला जागा देत, पण बोलत नसत. सोयाबीन काढायला तिला कोणी बोलावलं नाही. दुसऱ्याच्या मालाजवळ विश्वासानं एकटी सोडावी अशी ती राहिली नव्हती.

ती एकदा एकटीच दवाखान्यात गेली. डॉक्टर कॅम्पला होते. तिथला अटेंडर तेलुगूतून भराभर बोलला. तिला एवढंच समजलं की रिपोर्ट आलाय, पण असा कोणालाही देत नाहीत, तेलुगूत नाहीतर इंग्रजीत अर्ज लिहून आणा, डॉक्टरला समोर सांगा, कोणत्या जागेवर चारल्या होत्या ते त्यात लिहावं लागेल.

शनिवारी नागेश आला. त्याला दोन्ही भाषा येतात, अर्ज टाइप करणं हेच त्याचं काम. तो म्हणाला, “मी नाई.”

“एक अर्ज तर हाय.”

“अर्जात जागा लिहा लागते. काय लिहू? ढोरफोडी? मंग ते इचारतीन, कोनाची ढोरफोडी? ते कागद मंडलात जाईन, मंडलातून उटनूरले येईन, माह्याच टेबलावर येईन. मी तिथं सात वर्सांपासून बसून राह्यलो, रुपा. कोनाले मालूम नाई मी कोनत्या वस्तीतला.”

“आडनावावरून मालूम नाई होत काय?”

“आडनाव बदललं ना बापानं.”

रुपानं पुन्हा विचारलं नाही. सखूबाईनं बाजेवर कूस बदलली.

म्हणून ती बाईंकडे आली. दसऱ्याच्या आधीचा रविवार होता. दारात चप्पल काढून उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. म्हणाली, “बाई, तुमाले इंग्रजी येते. तुमी डॉक्टरसंगं बोललं तर तो ऐकतो. नेरडीगोंड्यापावतर चालान काय माह्यासंगं? दोन घंट्याचं काम हाय.”

बाई म्हणाल्या, “अगं, आधी का नाही सांगितलंस? आता लिहिते अर्ज. उद्या सकाळी दहाच्या बसनं जाऊ. फाट्यावर थांब.”

रुपा पहिल्यांदा हसली, त्या दिवसांत. “मी नऊपासूनच थांबतो,” म्हणाली.

बाईंनी त्या संध्याकाळी अर्ज लिहायला घेतला. इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. ‘जागा’ या शब्दापाशी आल्या. तिथं त्यांनी ‘पडीक जमीन’ असं लिहिलं. मग मनात आलं, डॉक्टर विचारणार: कसली पडीक? तुम्हाला कशी माहीत, मॅडम? तुम्ही त्याच वस्तीतल्या? बाई पस्तीस वर्षं तीन तालुक्यांत शिकवत होत्या आणि कोणत्याही स्टाफरूममध्ये त्यांनी आपला जन्म कुठल्या गल्लीतला ते सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर ‘नेरडीगोंड्याकडची’ म्हणत. ते खोटं नव्हतं.

सोमवारी त्यांना ताप नव्हता. पाहुणे नव्हते, पाऊस नव्हता. त्या आंघोळ करून, धुतलेली साडी नेसून, पर्स घेऊन खुर्चीवर बसल्या आणि बसून राहिल्या. दहाची बस गेली, साडेअकराची गेली. हॉर्न घरापर्यंत ऐकू येतो. बाराच्या सुमारास रुपा दाराशी आली.

“बाई, तब्येत बरी हाय ना?”

“जरा चक्कर आली. बुधवारी जाऊ.”

“बुधवारी चालते. शनिवारी दसरा हाय.” मग थांबून, “भाकर टाकून देऊ काय तुमाले?”

“नको.”

बुधवारी ती पुन्हा फाट्यावर उभी होती, हे बाईंना नंतर आरटीसी बसच्या कंडक्टरनं सांगितलं. बाई त्या दिवशी सकाळीच आदिलाबादला बहिणीकडं निघून गेल्या होत्या. गुरुवारी ती आली नाही, शुक्रवारीही नाही. शनिवारी दसरा झाला, मुदत संपली, आणि पुढं रुपा गाव सोडून गेली. अर्जावर सही करायची राहिली, आणि दवाखान्यातला रिपोर्ट बाईंनी आजपर्यंत आणलेला नाही.